दीड तारा

पाचापैकी दीड तारा.

एक दिला असता तर मी समजू शकले असते. एकही दिला नसता तर सरळ भांडता आलं असतं. पण दीड? तो वरचा अर्धा कशासाठी? बावीस वर्षं चौघं वाजवतायत म्हणून कीव आली? शुक्रवारी सकाळी सव्वासातला, चहाचा कप हातात असताना, मी ते परीक्षण मोबाइलवर वाचलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"काय झालं?" नवऱ्याने विचारलं.

मी मोबाइल त्याच्या पुढ्यात आदळला. त्याने चष्मा शोधला, पुसला, आणि सगळं वाचून काढलं. तो काहीही शेवटपर्यंत वाचतो, औषधाच्या खोक्यातला घडीचा कागदसुद्धा.

"वाईट लिहिलंय," तो म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "पण एक सांगू का?"

"नको सांगूस."

"नाही, म्हणजे शब्द मलाही नीट..."

"नको सांगूस म्हटलं ना!"

तो गप्प बसला. लग्नाला पंधरा वर्षं झाली की माणसाला कधी गप्प बसायचं ते कळतं.

आमच्या बँडचं नाव ‘चौथा मजला’. नावात काही गूढ नाही. सुरुवातीला सरावासाठी आम्हाला एका इमारतीत चौथ्या मजल्यावर रिकामी खोली मिळाली होती आणि लिफ्ट नव्हती. ड्रमचा सगळा पसारा चार जिने चढवण्यात आणि उतरवण्यात माझी विशी गेली. आमच्यामागे कुठली कंपनी नाही. गाणी आमची आम्ही करतो, रेकॉर्डिंग आमचं आम्ही करतो, पोस्टरसुद्धा आम्हीच चिकटवतो. एके काळी आमच्या कार्यक्रमाला लोक खिडकीत चढून बसायचे. आता खुर्च्या पुरतात आणि वर उरतात. मान्य आहे. पण म्हणून कोणीही यावं आणि टपली मारून जावं?

गाणी लिहितो आणि गातो तो माझा सख्खा मोठा भाऊ, दादा. दिवसा तो चष्म्याचं दुकान चालवतो. गिटारवर बोका. हे नाव त्याला पडलं, कारण तो कुठेही झोपतो, चालू स्पीकरला टेकूनही. बास गिटार वाजवणारा शाळेत गणित शिकवतो, म्हणून तो मास्तर. ड्रम माझे. एरवी मी लोकांना गाडी चालवायला शिकवते, त्यामुळे माझा आवाज मोठा आहे आणि माझ्यात फार संयम असणार असा लोकांचा गैरसमज आहे.

‘ओल्या भिंती’ हा आमचा सहावा अल्बम. सात वर्षांनी केलेला. त्याबद्दल त्या गृहस्थाने साप्ताहिकात लिहिलं होतं: "एके काळी ज्याच्या शब्दांसाठी हा बँड ऐकावा, तो गायक आता वाद्यांच्या मागे जाऊन बसला आहे. तो काय म्हणतो ते ऐकू येत नाही. बहुधा त्याच्याकडे म्हणण्यासारखं काही उरलं नसावं."

काही उरलं नसावं! दोन वर्षांपूर्वी दादा महिनाभर खोकत होता, तेव्हापासून त्याचे वरचे सूर फाटतात, हे खरं आहे. पण शब्द? आमच्याकडे तेवढी एकच गोष्ट अशी होती की ज्याबद्दल कोणी बोट दाखवलं नव्हतं. दुकानात गिऱ्हाइकाची वाट बघत बसलेला दादा चष्म्याच्या पाकिटांवर ओळी लिहितो आणि खिशात कोंबतो. वहिनी कपडे धुवायच्या आधी ते खिसे तपासते. आणि हा म्हणतो उरलं नसावं.

मी दादाला फोन लावला.

"वाचलंस?"

"वाचलं," तो म्हणाला. मागे दुकानाचं शटर वर जात होतं. "बरोबर लिहिलंय त्याने."

"काय बरोबर लिहिलंय? डोकं फिरलंय का तुझं?"

"हे बघ, रविवारचा कार्यक्रम ठरलाय, तो करू. त्यानंतर मी थांबतो. तुम्हाला दुसरा कोणी गाणारा मिळाला तर बघा. मला अजिबात वाईट वाटणार नाही."

अजिबात वाईट वाटणार नाही असं तो ज्या आवाजात म्हणाला, तो आवाज मी लहानपणापासून ओळखते. घरात एकच सायकल होती आणि ती मला मिळाली, तेव्हाही त्याने हाच आवाज काढला होता. मी काही म्हणायच्या आत त्याने फोन ठेवला.

म्हणजे माझ्याकडे शुक्रवार आणि शनिवार होता. मी ठरवलं, ते परीक्षण त्या माणसाकडून मागे घेववायचं. चूक झाली, नीट ऐकलं नव्हतं, असं त्याच्याच हाताने छापून आणायचं, आणि तो कागद दादाच्या नाकासमोर धरायचा.

दहा वाजता माझी विद्यार्थिनी आली. ती प्रसूतिगृहात नर्स आहे, पन्नाशीची, आणि आयुष्यात पहिल्यांदा स्टिअरिंग हातात धरतेय. तिला कशाचीच घाई नसते.

"आज कुठे?" तिने आरसा नीट करत विचारलं.

"आज गर्दीचा सराव. सरळ घ्या. मी सांगेन तिथे वळा."

वाटेत मी तिला सगळं सांगितलं. सांगता सांगता माझ्या पायाखालचा जादा ब्रेक माझ्याकडून दोनदा उगाचच दाबला गेला आणि मागच्यांनी हॉर्न वाजवले.

"श्वास घ्या," नर्स म्हणाली. "नाकाने आत, तोंडाने बाहेर."

"मला काही झालेलं नाहीये!"

"सगळ्या असंच म्हणतात," ती म्हणाली आणि तिसरा गिअर टाकला.

साप्ताहिकाचं कार्यालय चपला दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर होतं. जिन्यात चामड्याचा आणि डिंकाचा वास होता. मी मनात एक चित्र तयार केलं होतं: पंचविशीतला, कानात बाळी, पाय टेबलावर टाकून बसलेला शहाणा. प्रत्यक्षात एका कोपऱ्यात कोपरांना ठिगळं लावलेला स्वेटर घालून एक चाळिशीकडे झुकलेला माणूस पेन्सिलीला टोक काढत होता. मला बघून तो उठून उभाच राहिला.

"तुम्ही ‘चौथा मजला’च्या," तो म्हणाला. "ड्रम वाजवता."

"हो. आणि मी भांडायला आलेय."

"बसा ना."

"मी उभ्यानेच भांडते." मी त्याच्या टेबलावर दोन्ही हात टेकले. "किती वेळा ऐकलात अल्बम? एकदा? मधून मधून? जेवता जेवता?"

"अकरा वेळा."

"अकरा वेळा ऐकून दीड?"

"पहिल्यांदा ऐकला तेव्हा तीन द्यायचे ठरवले होते," तो अगदी मनापासून म्हणाला. "ऐकत गेलो तसे कमी होत गेले."

आणि तो बोलतच राहिला. शाळेत असताना तो आमच्या कार्यक्रमाला खिडकीत चढून बसला होता म्हणे, पडला होता, आणि हनुवटीवर तीन टाके पडले होते. त्याने हनुवटी वर करून ती खूणही दाखवली. आमच्या पहिल्या अल्बममधलं एक आख्खं कडवं त्याने तिथल्या तिथे म्हणून दाखवलं. एक अक्षर चुकला नाही. माझा राग कुठे ठेवावा ते मला कळेनासं झालं, आणि त्यामुळे मी आणखीच चिडले.

"मग तरी? मग तरी लिहिता, उरलं नसावं म्हणून?"

"मी अकरा वेळा ऐकला तो त्याचसाठी," तो म्हणाला. "सातवं गाणं घ्या. त्यात काहीतरी आहे असं मला सारखं वाटत होतं. शेवटी स्पीकरला कान लावून बसलो. तुम्ही गाण्यांचे शब्दही छापत नाही."

"दादाला आवडत नाही छापलेलं. गाणं कानाने ऐकायचं, असं त्याचं म्हणणं आहे."

"बरोबर आहे. पण मग ऐकू यायला हवं." त्याने पेन्सिल खाली ठेवली. "तुम्हीच सांगा ना. सातव्या गाण्याचं दुसरं कडवं काय आहे? मी उद्या वेबसाइटवर तेच टाकतो. चूक झाली म्हणून वर लिहितो. खरंच सांगतो."

मी तोंड उघडलं.

सातव्या गाण्यात दुसऱ्या कडव्याच्या आधी मी एक मात्रा मोकळी सोडते. मग डावा हात. मग झांजेवर हलकी काठी. मास्तर कुठे खाली उतरतो ते मला माहीत होतं, बोका कुठे तार ओढतो ते माहीत होतं. शब्द आठवेनात. आठवेनात कसले, मला ते कधी माहीतच नव्हते. आमची पद्धत अशी की दादा सरावात नुसतं गुणगुणतो, वाद्यं आधी रेकॉर्ड होतात, आणि शब्द शेवटी तो एकटा जाऊन गातो. त्यानंतर आम्ही चौघं मिळून आवाजांचा मेळ बसवायला, म्हणजे कोणाचा आवाज किती मोठा ठेवायचा ते ठरवायला, गेलो होतो, पूर्ण तीन दिवस. तेव्हा मी ते गाणं वीस वेळा तरी ऐकलं असेल.

त्याने खिडकीबाहेर बघितलं. माझी फजिती बघायची नाही एवढं सौजन्य त्याच्यात होतं, आणि त्याचाही मला राग आला.

"आणि तो वरचा अर्धा?" मी दारात पोचल्यावर विचारलं. "तो कशासाठी होता?"

"तो तुमचा," तो म्हणाला. "ड्रम फार सुंदर ऐकू येतात."

खाली नर्स गाडी बंद करूनही दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसली होती.

"मारलंत का त्याला?"

"नाही."

"मग चेहरा असा का?"

"स्टुडिओत चला," मी म्हणाले. "पुढच्या चौकात डावीकडे. आणि इंडिकेटर द्या."

आता आमच्या नियमाबद्दल सांगायला हवं. तो मी केलाय, आणि त्याचा मला आजवर अभिमान होता. पहिल्या वर्षी प्रत्येक जण स्वतःचाच आवाज वाढवायचा. दादा स्वतःचा वाढवायचा, की बोका गिटार वाढवायचा, की मास्तर बास वाढवायचा. शेवटी नुसता कल्लोळ. एकदा मी काठ्या भिरकावल्या आणि दादावर ओरडले, कारण त्या दिवशी सुरुवात त्याने केली होती. म्हटलं, आजपासून कोणीही स्वतःचा आवाज वाढवायला सांगायचं नाही. सांगायचं तर दुसऱ्याचा वाढवायला सांगायचं. तू ऐकू यायला हवास असं दुसऱ्याला वाटलं, तर तू ऐकू येशील. तेव्हा मी वीस वर्षांची होते. ते तिघंही वरमले आणि त्यांनी नियम मान्य केला. आमच्या बरोबरचे सगळे बँड भांडून फुटले. आमचा टिकला. मुलाखतींत मी हा नियम मिरवून सांगायचे.

स्टुडिओतला रेकॉर्डिस्ट हा जाडजूड, मितभाषी माणूस आहे. त्याने मला बघितलं, नर्सला बघितलं (ती मागोमाग वर आली होती, तिला आता शेवट बघायचा होता), आणि दोघींना स्टुलं दिली.

"मेळ बसवताना कोणी काय मागितलं ते तुम्ही लिहून ठेवता ना?" मी विचारलं.

त्याने कपाटातून एक कागद काढला आणि वाचायला लागला. दादा: ड्रम वाढवा, चौदा वेळा. दादा: गिटार वाढवा, नऊ वेळा. दादा: बास वाढवा, सहा वेळा. मी: बास वाढवा, कारण मास्तरचा डावा कान हल्ली कामातून गेलाय आणि त्याला धीर द्यायचा होता. बोका: ड्रम वाढवा. मास्तर: गिटार वाढवा.

"आणि गाण्याचा आवाज?"

त्याने कागद उलटा करून बघितला. मागे काही नव्हतं.

"कोणीच नाही."

"तीन दिवसांत एकदाही नाही?"

"एकदाही नाही."

"मग तुम्ही बोलायचं ना! तुम्हाला कान नाहीत? इतकी वर्षं या धंद्यात आहात, समोर एक माणूस बुडतोय हे दिसत नव्हतं?"

"पहिल्याच दिवशी तुम्ही मला सांगितलं होतं," तो शांतपणे म्हणाला, "की आमच्यात बाहेरच्याने पडायचं नाही, आमचा नियम आहे. बोट रोखून सांगितलं होतं."

सांगितलं होतं. मला ते बोटही आठवलं.

"सातवं गाणं लावा," मी म्हणाले. "नुसता त्याचा आवाज. बाकी सगळं बंद."

त्याने एकेक बटण खाली ओढलं. माझे सुंदर ड्रम गेले. गिटार गेली, बास गेला. खोलीत दादा एकटा उरला. आधी श्वास ऐकू आला, मग घसा खाकरल्याचा आवाज, आणि मग तो गायला लागला. आवाज खरखरीत होता, वर जाताना फाटत होता, आणि तो फाटला तरी मागे हटत नव्हता. मग दुसरं कडवं आलं.

"दाराबाहेर उभा आहे,
बेल वाजवणार नाही.
तुला चाहूल लागते का,
एवढंच बघून जाईन."

"अरे, वाजव ना बेल, गाढवा!" मी स्टुलावरून उठून ओरडले. "वाजव ना! कोणी हात धरलेत तुझे?"

कोणी धरलेत ते मला कळत होतं. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. नर्सने पर्समधून रुमाल काढून दिला.

जिन्यात उभं राहून मी बोक्याला फोन केला. तो झोपेतून उठला होता. म्हणाला, "मला वाटलं तू सांगशील. तू बहीण आहेस." मास्तरला मधल्या सुट्टीत गाठलं. तो म्हणाला, "माझ्या मनात होतं गं. पण वाढवा म्हटलं असतं तर त्याला वाटलं असतं, आवाज कमी पडतोय असं सुचवतायत. उगाच दुखावला असता."

"म्हणून तुम्ही सगळे मूग गिळून बसलात!"

"तू का नाही सांगितलंस?" मास्तरने विचारलं. गणिताचा माणूस, नेमकं तेच विचारणार.

मी फोन कट केला. मी का नाही सांगितलं? कारण मला ऐकायला मजा येत होती. दादा ड्रम वाढवा म्हणायचा आणि मी लाजल्यासारखं करायचे. पुन्हा म्हणायचा आणि मला आणखी बरं वाटायचं. चौदा वेळा. बेचाळीस वर्षांची बाई, स्वतःचाच आवाज ऐकून खूश होत बसले होते. समीक्षकाने दीड तारा तरी दिला होता, मी स्वतःला तोही दिला नसता.

दुपारी मी दादाच्या दुकानात शिरले तेव्हा तो एका म्हाताऱ्या बाईंच्या नाकावर काचांची फ्रेम चढवून भिंतीवरची अक्षरं दाखवत होता.

"आता बरं दिसतंय की मघाशी बरं होतं?"

"मघाशी," त्या म्हणाल्या.

"आणि आता?"

मी अर्धा तास थांबले. माझ्यासारख्या बाईने अर्धा तास गप्प थांबणं म्हणजे काय ते त्याला माहीत होतं. बाई गेल्यावर त्याने दारावरची पाटी उलटी केली आणि स्टूल पुढे सरकवलं.

"सातवं गाणं ऐकलं," मी म्हणाले. "आज पहिल्यांदा."

तो हातातली काच पुसत राहिला.

"एकदा तोंड उघडायचं होतंस, दादा. एकदा म्हणायचं होतंस, माझा वाढवा. मी काय खाल्लं असतं तुला?"

"नियम कोणी केला?"

"नियम गेला खड्ड्यात!"

"तसं नाही," तो म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि तेच मला सहन होत नव्हतं. "पहिल्या दिवशी मी वाट बघितली. वाटलं, तुमच्यातलं कोणीतरी म्हणेल. दुसऱ्या दिवशीही बघितली. मग म्हटलं, यांना माझा आवाज ऐकवत नसेल. तोंडावर सांगायला जड जात असेल बिचाऱ्यांना. तिघंही आपलीच माणसं आहेत, एवढं न सांगता समजून घ्यायला हवं. म्हणून मग मीच बाकीचं वाढवत गेलो. झाकलं गेलं म्हणजे बरं."

"आम्हाला ऐकवत नव्हतं असं वाटलं तुला?"

"दुसरं काय वाटणार?"

मी त्याला बोक्याचं सांगितलं, मास्तरचं सांगितलं, माझं सांगितलं. माझं सांगताना मान खाली गेली. तो ऐकून हसला, पण त्या हसण्याने काही बदललं नाही.

"आता तुम्ही म्हणालच गं, वाढव म्हणून. परीक्षण आलंय, तू रडून आलीयेस. ते आता कळवळ्याचं झालं. रविवारी गातो, जुनी गाणी आणि नवी तीन ठरलीयेत तेवढी, आणि संपवू." त्याने पाटी पुन्हा सुलटी केली. "बावीस वर्षं पाळलाय तुझा नियम. शेवटच्या दिवशी मोडून काय करू?"

दारातून बाहेर पडताना मी त्याचं दार जरा जास्तच जोरात लावलं, आणि आतल्या सगळ्या काचा खणखणल्या.

रविवारी दुपारी तीन वाजता आम्ही वाचनालयाच्या तळघरातल्या सभागृहात सामान लावलं. घडीच्या दीडशे खुर्च्या, कमी उंचीचं छत, बाजूला झाकून ठेवलेला पियानो. कार्यक्रम पाचला होता. सभागृहाचा साउंडवाला मागच्या टेबलावर बसून च्युइंगगम चघळत होता. आमच्याशी त्याची ओळख नव्हती आणि आमच्या नियमाशीही नव्हती.

"बोला," तो माइकवरून म्हणाला. "कोणाला काय हवंय?"

आणि दादा, अजूनही, इतकं सगळं झाल्यावरही, म्हणाला, "ड्रम जरा वाढवा."

माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"ड्रम कमी करा," मी म्हणाले.

"वाढवू की कमी करू?"

"कमी! अर्धे करा!" स्वतःचा आवाज कमी करायला नियमात बंदी नव्हती. बावीस वर्षांत ते कोणाला सुचलंच नव्हतं, एवढंच.

बोक्याने माझ्याकडे बघितलं. तो पूर्ण जागा होता. "गिटारही अर्धी," तो म्हणाला. मास्तरने मान हलवली. "बास निम्मा करा. मला तसाही अर्ध्याच कानाने ऐकू येतो."

"आता गाण्याचा वाढवा," मी म्हणाले.

"वाढवा," बोका म्हणाला.

"वाढवा," मास्तर म्हणाला.

दादा माइकसमोर पाठमोरा उभा होता. त्याची मान ताठ झालेली मला दिसत होती. "नको रे," तो पुटपुटला, आणि ते पुटपुटणंसुद्धा शेवटच्या खुर्चीपर्यंत गेलं, इतका आवाज वाढला होता. तो दचकून मागे सरकला.

मी काठ्यांवर चार मोजले आणि सातवं गाणं सुरू केलं. ते रविवारच्या यादीत नव्हतं. बोका आणि मास्तर क्षणभर गोंधळले आणि मग सामील झाले. पहिल्या कडव्याची जागा आली. दादा गायला नाही. आम्ही तसंच पुढे वाजवत राहिलो. मी एक मात्रा मोकळी सोडली, डावा हात टाकला, झांजेवर हलकी काठी ठेवली. दुसऱ्या कडव्याच्या तोंडाशी आम्ही तिघंही इतकं हळू वाजवत होतो की वरच्या मजल्यावर कोणी खुर्ची सरकवली ते ऐकू आलं.

दादाने श्वास घेतला आणि तो गायला लागला.

‘चाहूल’ला त्याचा आवाज फाटला. छत खाली होतं, भिंती जवळ होत्या, ते फाटणं सगळीकडे पोचलं. झाकायला काहीच नव्हतं.

"फाटतोय," साउंडवाला मध्येच म्हणाला. "खाली घेतो जरा."

"हात लावायचा नाही!" मी वाजवता वाजवता ओरडले. "अजून वाढवा!"

त्याने वाढवला. दादा तेच कडवं पुन्हा गायला, आणि पुन्हा तिथेच फाटला, आणि या वेळी तो फाटलेला सूर त्याने सोडला नाही, ओळ संपेपर्यंत धरून ठेवला. मग आम्ही थांबलो. माझे दंड भरून आले होते. माझं तर तोंडच उघडेना, आणि ही गोष्ट माझ्या नवऱ्याला कोणी सांगू नये.

दादाने मागे वळून बघितलं नाही. त्याने माइक थोडा वर केला, तोंडाजवळ आणला, आणि घसा खाकरून साउंडवाल्याला म्हणाला, "माझा अजून थोडा वाढवा."

साउंडवाल्याचं चघळणं थांबलं. त्याने बटणाकडे बघितलं, दादाकडे बघितलं, मग विचारल्यासारखं माझ्याकडे बघितलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझा नियम मोडला होता, आणि हा माणूस ढिम्म बसून माझं तोंड बघत होता.

"ऐकू येत नाही का?" मी किंचाळले. "वाढवा म्हणतोय ना माझा भाऊ!"